मामाचा व्हॉल्व्ह, भाचीचा हिशेब

द्राक्षबागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेताना शेतकरी सगळं पाहून घेतो. दोन ओळींतून तो फिरेल का, ब्लोअर ओढेल का, डिझेल किती पिईल. ट्रॅक्टरच्या मागे तेलाचे कपलर किती, हे विचारायचं मात्र बहुतेकांचं राहून जातं. दोन हंगाम गेले की टिपिंग ट्रॉली घ्यावीशी वाटते, पल्टी नांगर खुणावू लागतो, आणि मग ध्यानात येतं की ट्रॅक्टरला लिफ्ट आहे, पण बाहेरच्या अवजाराला दोन्ही दिशांनी तेल पुरवायची सोय नाही. इलाज तसा सोपा दिसतो. दोन दांड्यांचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे तेल वाटणारा व्हॉल्व्ह, आणायचा, मडगार्डला पट्टी ठोकून बसवायचा, पंपाची नळी तिथून फिरवायची आणि मागे चार कपलर काढायचे.

हे काम घरच्या शेडमध्ये करावं की करू नये, यावर निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात दोन तट पडतात. त्या दोन तटांसाठी मी दोन माणसं बेतली आहेत. एक मामा, बागायतदार. पाना हातात धरायला कुणाकडून शिकलेला नाही, पण धरतो पक्का. दुसरी त्याची भाची शलाका. सातपूरच्या एका कारखान्यात हायड्रॉलिक जोडण्यांची आखणी करते. माणसं बेतलेली असली तरी त्यांचं भांडण खरं आहे.

मामा : हा बघ, आणला व्हॉल्व्ह. खरड छाटणीच्या आत बसवून टाकतो. शेणखत ओळीत नेऊन टिपिंगने ओतायचं, माणसं लावायची नाहीत.

शलाका : ट्रॉली उपडी करायला एवढा खटाटोप कशाला, मामा? जॅक वर जायला तेल लागतं, खाली तो ट्रॉलीच्या वजनानेच येतो. लिफ्टच्या दांडीवर चालणारी एक टॅपिंग तुमच्या ट्रॅक्टरला कंपनीनेच दिली आहे. ट्रॉलीचं काम तेवढ्यावर भागतं.

मामा : ट्रॉलीचं भागतं. पण पुढे दोन खोडांमधलं गवत काढायचं अवजार घ्यायचंय. खोड जवळ आलं की आत ओढायचं, मागे गेलं की बाहेर ढकलायचं. तिथे दोन्हीकडून जोर पाहिजे. पल्टी नांगरालाही तेच. एका नळीत ते होणार नाही.

शलाका : बरं, गरज मान्य. तेल कुठून घेणार?

मामा : त्यात काय? पंपाकडून लिफ्टला नळी जाते ती मध्ये तोडायची. पंपाकडचं टोक व्हॉल्व्हच्या आत, आणि व्हॉल्व्हच्या टाकीच्या तोंडातून पुन्हा लिफ्टला. दोन पाइपांत काम संपलं.

शलाका : दोन पाइपांत ट्रॅक्टर संपेल. तिथे तीन पाइप लागतात.

मामा : तिसरा कशाला?

शलाका : तुमचा गिअर पंप इंजिन चालू आहे तोवर तेल ढकलतच राहतो, तुम्ही दांडी हलवा नाहीतर नका हलवू. दांड्या मधोमध असल्या की ते तेल व्हॉल्व्हमधून नुसतं पुढे लिफ्टला जातं आणि तिथून गिअरबॉक्समध्ये उतरतं. आता रोटाव्हेटर उचलायला तुम्ही लिफ्टची दांडी ओढली. लिफ्टला दाब लागला, शंभर-दीडशे बार. तो दाब मागे येऊन कुठे उभा राहिला? तुमच्या व्हॉल्व्हच्या टाकीच्या तोंडात. ते तोंड परतीच्या सुस्त तेलासाठी ओतलेलं असतं. दांडीच्या टोकाची सीलंही त्याच बाजूला. आधी सील फुटेल, नशीब खोटं असेल तर बिडाच्या बॉडीला चीर जाईल.

मामा : आमच्या शेजाऱ्याचा तसाच जोडलाय. चालतोय की.

शलाका : चालेल काही दिवस. दाब अंगावर घेऊन पुढे जाणारा मार्ग वेगळा असतो, त्याला पॉवर बियाँड म्हणतात. तुमच्या व्हॉल्व्हला तो करता येतो, पण त्याची स्लीव्ह वेगळी मागून घ्यावी लागते. एक पाइप पंपाकडून आत, दुसरा पॉवर बियाँडमधून लिफ्टला, तिसरा टाकीच्या तोंडातून सरळ गिअरबॉक्सला. तो तिसरा कशालाही न अडखळता, कुठेही बंद न होता गेला पाहिजे.

(घरी व्हॉल्व्ह बसवण्याच्या साऱ्या प्रकरणात ही गोष्ट आधी पाठ करण्यासारखी आहे. नळ्या जोडणं हे पाना-पकडीचं काम आहे, आणि ते या भागातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. नव्या मशिनरीची ऐट मिरवणाऱ्या दुकानांत व्हॉल्व्ह पटकन मिळतो. ‘स्लीव्ह दिली का?’ हे गिऱ्हाइकाने विचारावं लागतं.)

मामा : ठीक आहे, तीन तर तीन. मी काही अडाणी नाही. सांगितलं की कळतं.

शलाका : कळतं म्हणूनच पुढचं सांगते. दाब हाताबाहेर गेला तर तेल सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह तुमच्या ट्रॅक्टरवर कुठे आहे?

मामा : लिफ्टच्या डोक्यात असेल.

शलाका : बऱ्याच ट्रॅक्टरांवर तिथेच असतो. म्हणजे तुमचा नवा व्हॉल्व्ह पंप आणि रिलीफ यांच्या मध्ये येऊन बसला. तुम्ही नांगर पलटवायला दांडी दाबली की लिफ्टकडे जाणारा रस्ता तेवढा वेळ बंद. जॅक टोकाला टेकला, तेलाला जायला जागा नाही, पंप ढकलतोय आणि रिलीफ तर पलीकडे राहिला. पंपाची बॉडी फुटेल किंवा शाफ्ट तुटेल. म्हणून नव्या व्हॉल्व्हला स्वतःचा रिलीफ हवा, आणि तो ट्रॅक्टरच्या मूळ दाबाला जुळवलेला हवा. थोडा कमी चालेल, जास्त नाही.

मामा : मूळ दाब किती ते मला कोण सांगणार? पुस्तकात तेल कधी बदला आणि ग्रीस कुठे मारा एवढंच. सर्किटचं चित्र मागितलं तर म्हणतात, ते आमच्या सर्व्हिसवाल्यांसाठी आहे.

शलाका : मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, १९५५ पासूनची. तिच्या चाचणी अहवालात तुमच्या मॉडेलचा पंप मिनिटाला किती लिटर देतो आणि रिलीफ किती दाबाला उघडतो हे छापलेलं असतं. अहवाल लोकांना पाहायला मिळतात. तो आधी वाचा.

मामा : वाचतो. पण मुद्दा माझाच आला ना? माल मी पैसे मोजून घेतला, त्याच्या पोटात काय आहे ते मला सरकारी अहवालातून हुडकावं लागतं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून कंपन्यांना सांगितलं, की शेतकऱ्याला दुरुस्तीची पुस्तकं, सुटे भाग, हत्यारं द्या. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात शेतीची यंत्रंही घेतली. म्हणजे सरकारलाही पटलंय.

शलाका : मलाही पटलंय. पण दुरुस्ती म्हणजे होतं तसं करणं. तुम्ही नव्हतं ते लावताय. त्याला कुठलाच कायदा संरक्षण देत नाही.

मामा : मग माहिती दडवायची कुणी आणि चूक झाली की ‘घरी कशाला केलं’ म्हणून हिणवायचं कुणाला?

शलाकाकडे याचं उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. ट्रॅक्टरच्या मागची तीन टोकांची लिफ्ट रुळवणारा हॅरी फर्ग्युसन हा उत्तर आयर्लंडच्या शेतकऱ्याचा मुलगा. १९३६ मध्ये त्याचा तेलाच्या लिफ्टचा ट्रॅक्टर बाजारात आला, त्याआधी बरीच वर्षं तो गॅरेजात खटपटच करत होता. शेडमध्ये केलेल्या कामाला कमी लेखण्याचा अधिकार ट्रॅक्टरच्या धंद्याला तरी नाही. भाची मात्र मुद्दा सोडणारी नाही.

शलाका : हिणवत नाही मी. मला भीती धुळीची आहे. व्हॉल्व्हच्या आत दांडी आणि तिचं भोक यांच्यात काही मायक्रॉनचीच फट असते. केस सत्तरएक मायक्रॉनचा. जो कण तुम्हाला डोळ्यांनी दिसतो तो त्या फटीच्या मानाने धोंडा. आणि तुमच्या शेडमध्ये भुशाची पोती आहेत.

मामा : डीलरच्या वर्कशॉपमध्ये काय संगमरवर आहे? तिथेही ट्रॅक्टर चिखल घेऊनच येतो. पोरं वेल्डिंगचा चुरा उडतो त्याच्या शेजारी पंप उघडून ठेवतात. मी निदान नळ्यांची तोंडं तरी झाकून ठेवीन.

शलाका : हे मान्य. शेड की वर्कशॉप यावर स्वच्छता ठरत नाही. उलट एक गोष्ट सांगते, ती तुमच्या बाजूची नाही आणि डीलरच्याही नाही. छोट्या ट्रॅक्टरात गिअरबॉक्सचं तेल आणि लिफ्टचं तेल बहुतेक एकच असतं. ८० मिलिमीटर बोअरचा, मीटरभर स्ट्रोकचा जॅक पूर्ण उघडला की त्यात पाच लिटर तेल जातं. जॅक मिटला की ते पाच लिटर परत गिअरबॉक्समध्ये. आता शेजाऱ्याची ट्रॉली एका दिवसासाठी मागून आणली, तर तिच्या जॅकमधलं त्याचं जुनं, काळं, पाणी लागलेलं तेल तुमच्या गिअरमध्ये आलं.

मामा : हे ध्यानात नव्हतं आलं.

शलाका : फार थोड्यांच्या येतं. व्हॉल्व्ह बसवताना एक दिवस जपाल, पण कपलर लावले की ट्रॅक्टरच्या पोटाला कायमचं दार बसलं. प्रत्येक वेळी टोकं पुसायची, काम झालं की टोपण लावायचं. आणि तेलाची पट्टी पाहायची ती जॅक मिटलेला असताना. उघडलेल्या जॅकवर पातळी भरून घेतली तर मिटताना पाच लिटर जास्तीचे होतात आणि ब्रीदरमधून बाहेर येतात.

मामा : बरं, पाइप मी इथेच दाबून घेतो. पिंपळगावला प्रेसवाला आहे.

शलाका : प्रेसवाल्याकडून घेतलेले चालतील, घरी क्लिप आवळून केलेले नाहीत. तीन सूत, म्हणजे ३/८ इंची, एक जाळीचा पाइप १८० बारला चालतो, दोन जाळीचा ३३० ला. दोन जाळीचाच घ्या, पैशाचा फरक किरकोळ आहे. पाइप कापताना चाकाचा चुरा आत बसतो, तो त्याच्याकडूनच साफ करून घ्या. आणि तंग लावू नका. दाब आला की पाइप चार टक्क्यांपर्यंत आखडू शकतो. टोकाला तंग असेल तर निपलच्या मानेवर ताण येतो आणि तिथून फुटतो.

मामा : आणि आट्यांना टेफलॉन.

शलाका : सरळ आट्यांना अजिबात नाही. तिथे सील आटा करत नाही, डाउटी वॉशर करतो, नाहीतर आतली तिरकी बैठक. टेपचा तुकडा सुटला की थेट व्हॉल्व्हमध्ये. आणि आटा बघून घ्या. जपानी घडणीच्या ट्रॅक्टरवरचे आटे इकडच्या बीएसपीसारखेच दिसतात, दोन फेरे बसतातही, पण आतल्या बैठकीचा कोन जुळत नाही. मग लोक आवळत सुटतात.

मामा : तुझ्या हिशेबाने तर नुसती दांडी धरून ठेवली तरी गुन्हाच.

शलाका : हो, तो आहेच! तुमचा पंप मिनिटाला वीस लिटर देतो असं धरा. दीडशे बारवर तेल रिलीफमधून जाऊ लागलं की पाच किलोवॅट ताकद नुसती उष्णता होते. चोवीस अश्वशक्तीच्या इंजिनातले पावणेसात घोडे तेल तापवायला. गिअरबॉक्समध्ये पंचवीस लिटर तेल असेल तर मिनिटाला सातएक अंश चढतं. जॅक टोकाला टेकला की दांडी सोडायची, रिलीफचं किंचाळणं ऐकत बसायचं नाही.

हे आकडे मी पडताळून पाहिले, बरोबर निघतात. भाचीचे बहुतेक मुद्दे असेच आहेत, गणिताने सुटणारे. मामाचा एकच मुद्दा गणिताने सुटत नाही आणि तोच मला वजनदार वाटतो.

मामा : गोडी छाटणीनंतर पाऊस लागला की औषध मारायला माझ्या हातात काही तास असतात. त्या वेळी व्हॉल्व्ह गळाला आणि तो दुसऱ्याने बसवलेला असेल, तर मी फोन करत बसेन. फिटर म्हणेल उद्या. उद्यापर्यंत डावणी पानावर बसलेली असेल. मी बसवला असेल तर कुठला पाइप कुठे जातो ते मला ठाऊक. दहा मिनिटांत व्हॉल्व्ह बाजूला काढून पंपाची नळी थेट लिफ्टला जोडीन आणि ट्रॅक्टर बागेत घालीन. स्वतः करायचं ते पैसे वाचवायला नाही, शलाका. ट्रॅक्टर आपला राहावा म्हणून.

शलाका : आणि पाइप फुटला तेव्हा त्याच्याजवळ कोण असेल?

मामा : मीच असेन.

शलाका : नाही. तुम्ही सीटवर असाल. ट्रॉली जोडायला, कपलर घालायला तुमचा गडी असेल. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर तेल दिसत नाही, नुसतं धुकं दिसतं. तो बोट लावून बघेल कुठून येतंय ते. सातएक बार दाबालाही तेल कातडीतून आत शिरू शकतं, इथे दीडशे आहेत. जखम काट्यासारखी दिसते, पहिल्यांदा फारसं दुखतही नाही. तो हात पुसून कामाला लागेल. तेल आत स्नायूंमध्ये पसरत जातं, मांस मरतं. काही तासांत सर्जनने हात उघडून धुतला नाही तर बोट जातं, कधी हात जातो. दवाखान्यात मलमपट्टी करून धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन परत पाठवण्यासारखी ती जखम नाही.

मामा : हे डीलरने बसवलं तर होणार नाही का? ट्रॉली तेव्हाही गडीच जोडणार.

शलाका : ... होईल.

मामा : मग घरी-दुकानात हा तुझा वाद कुठे उरला?

इथे वाद खरंच संपतो असं माझं मत आहे. डीलरकडे बसवलं म्हणून गड्याचं बोट वाचत नाही आणि घरी बसवलं म्हणून जात नाही. वॉरंटी चालू असेल तर कंपनीचं किट कंपनीकडूनच बसवून घ्यावं, कारण पंप गेला तर तोच कागद कामाला येतो. वॉरंटी संपलेली असेल आणि पॉवर बियाँड, रिलीफ आणि परतीची नळी या तिन्हींचं चित्र मालकाला कागदावर काढता येत असेल, तर घरी करायला हरकत नाही. ज्याला ते काढता येत नाही त्याने पाना उचलू नये, मग तो शेतकरी असो की पगारी फिटर. हा निकाल मामाच्या बाजूने झुकतो हे मला ठाऊक आहे. भाचीचं एकूण एक म्हणणं पाळलं तरच तो मामाच्या बाजूने झुकतो, हेही.

राहिली उन्हाची गोष्ट. दोघांनीही ती काढली नाही आणि एप्रिल-मेमध्ये तीच जास्त घडते. ट्रॉली दिवसभर उन्हात सोडलेली असते. जॅकच्या पाइपात अडकलेलं तेल तापून फुगतं आणि कपलरच्या नराचा कोंब आतून घट्ट दाबून धरतं. संध्याकाळी जोडायला गेलं की कपलर बसत नाही. मग गडी तो कोंब दगडाने नाहीतर स्क्रू ड्रायव्हरने दाबतो, तोंड अगदी जवळ नेऊन. तापलेलं तेल चेहऱ्यावर येतं. यावर उपाय आहे. कपलर सोडण्याआधी ट्रॉली जमिनीवर पूर्ण टेकवायची, इंजिन बंद करायचं आणि दांडी दोन्ही बाजूंना चार वेळा हलवायची, की नळीतला दाब उतरतो. सोडलेलं टोक सावलीत, टोपण घालून टांगायचं. तरीही बसलं नाही तर कोंबाला हात न लावता पाइपचा मागचा नट जाड चिंधी गुंडाळून पाव फेरा सैल करायचा, चेहरा बाजूला ठेवून.

घरी बसवा नाहीतर दुकानात बसवा. पण मागे कपलर लागले त्याच दिवशी, ट्रॉली जोडण्याआधी, आपल्या गड्याला शेजारी उभं करून या गोष्टी त्याच्या हाताने करवून घ्या: दाब कसा उतरवायचा, गळती बोटाने न शोधता पुठ्ठ्याच्या तुकड्याने कशी शोधायची, उचललेल्या ट्रॉलीखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय कुणी का जायचं नाही. आणि तेल कातडीत गेलं तर दवाखान्यात ‘काटा लागला’ म्हणायचं नाही, ‘दाबाचं तेल आत गेलंय’ असंच सांगायचं. कुठलं तेल ते कळावं म्हणून डबाही सोबत न्यायचा.